नाव पोलादाचे, काम धारेचे

१/
थ्रेड. १७९४ च्या सुमारास मुंबईतील स्कॉटिश डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पोलादाचे काही नमुने धाडले. चपट्या, गोल वड्या. व्यास सुमारे पाच इंच, जाडी सुमारे एक इंच. या वड्यांनी पुढची जवळपास तीस वर्षे लंडनमधल्या एका वस्तरे घडवणाऱ्या कारागिराला आणि अखेरीस मायकेल फॅरडे यांनाही गुंतवून ठेवले. आज उघड्या वस्तऱ्याने दाढी शिकू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने पैसे मोजण्यापूर्वी ही कथा वाचायला हवी.

२/
कारण त्या कथेचा निष्कर्ष थेट खरेदीशी जाऊन भिडतो. गेली दोनशे वर्षे वस्तरा विकणारे पोलादाचे नाव पुढे करत आले आहेत आणि घेणारे त्या नावाला भुलत आले आहेत. प्रत्यक्षात गालावर काम करते ती धार. आणि धार टिकते ती पात्याच्या आकारावर, चामड्याच्या पट्ट्यावर आणि हाताच्या सवयीवर. म्हणून नवशिक्याने खर्चाचा क्रम उलटा लावावा: आधी पट्टा, मग धार लावून घेण्याची सोय, आणि सर्वांत शेवटी वस्तरा. हे मत का, ते पुढे क्रमाने.

३/
प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. आजच्या सलूनमध्ये दिसणाऱ्या वस्तऱ्यात ब्लेडचे अर्धे पाते बसवलेले असते. प्रत्येक गिऱ्हाइकामागे ते फेकले जाते. एचआयव्ही आणि रक्तातून पसरणाऱ्या काविळीविषयी जागृती वाढल्यावर ही पद्धत रूढ झाली आणि ती योग्यच आहे. परंतु या थ्रेडचा विषय तो वस्तरा नव्हे. येथे विषय आहे तो अखंड पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा वस्तरा, ज्याचे पाते बदलत नाही आणि ज्याला पुनःपुन्हा धार द्यावी लागते. दोन्हींची मूठ सारखी दिसते. वागणूक मात्र वेगळी.

४/
अशा वस्तऱ्याला लागते ते एकजीव, कठीण पोलाद. युरोपात ते सहज मिळत नव्हते. बेंजामिन हंट्समन हे डॉनकास्टरचे घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ त्यांनी मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. शेफिल्डच्या कारागिरांनी आरंभी हे अति कठीण पोलाद नाकारले. हंट्समन यांचा माल फ्रान्सला जाऊ लागला. तिथली उत्तम हत्यारे स्पर्धेत उतरल्यावर मात्र शेफिल्डला जाग आली. वस्तऱ्यांचे शहर म्हणून त्या गावाचे नाव झाले ते या मुशीच्या पोलादावर.

५/
मुंबईहून गेलेल्या वड्यांचे पोलादही मुशीतलेच, पण कितीतरी जुन्या परंपरेचे. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटले; बहुधा कन्नडमधील ‘उक्कू’ या शब्दाचे ते बिघडलेले रूप असावे. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला आणि शीर्षकातच हे पोलाद ‘मुंबईत बनलेले’ असल्याचे म्हटले. ही चूक होती. वूट्झ घडत असे ते आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या प्रदेशांत. मुंबई हे केवळ पाठवणीचे बंदर होते. पोलादाच्या नावाचा आणि उगमाचा घोळ येथूनच सुरू होतो.

६/
पिअर्सन यांच्या प्रयोगांसाठी हे पोलाद घडवून पाहिले ते जेम्स स्टोडार्ट यांनी. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर त्यांचे शस्त्रवैद्यकीय हत्यारांचे आणि वस्तऱ्यांचे दुकान होते. स्टोडार्ट इतके प्रभावित झाले की त्यांनी आपल्या दुकानाच्या कार्डावरच छापले: येथील हत्यारे व वस्तरे भारतातील वूट्झ पोलादाचे असून अनेक वर्षांच्या तुलनेनंतर ते युरोपातील सर्वोत्तम पोलादापेक्षा सरस ठरले आहे. भारतीय पोलादाचे नाव लंडनच्या वस्तऱ्यावर विक्रीसाठी मिरवत होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण कथा येथे संपत नाही.

७/
पुढे स्टोडार्ट यांना सोबती मिळाले ते मायकेल फॅरडे. विजेच्या संशोधनाने जगभर नाव होण्यापूर्वी फॅरडे यांनी काही वर्षे पोलादावर खर्च केली. १८१९ मध्ये त्यांनी वूट्झचे विश्लेषण प्रसिद्ध केले; १८२० आणि १८२२ मध्ये दोघांचे मिश्र पोलादांवरील निबंध आले. प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी असे अनेक धातू त्यांनी पोलादात मिसळून पाहिले. चांदीबाबत त्यांना आढळले की ती पोलादात फारच थोडी सामावते. जास्त घातली तर थंड होताना बाहेर निसटून तिचे थेंब दिसू लागतात. सुमारे ५०० भाग पोलादाला एक भाग चांदी, हे प्रमाण त्यांना उत्तम वाटले.

८/
मग बाजार जागा झाला. वस्तऱ्यांच्या पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशी सुबक अक्षरे झळकू लागली आणि लवकरच ती अक्षरे कोणत्याही चांगल्या, किंवा बऱ्या, पोलादावर उमटू लागली. चांदी उरली ती नावापुरती. आजही यंत्रशाळांत ‘सिल्व्हर स्टील’ या नावाने मिळणाऱ्या हत्यारी पोलादाच्या कांबीत चांदी नसते. चकाकीमुळे नाव तेवढे चिकटून राहिले आहे. फॅरडे यांचा प्रयोग प्रामाणिक होता, स्टोडार्ट यांची तुलनाही प्रामाणिक होती. अप्रामाणिक ठरली ती त्यांच्यामागून आलेली अक्षरे.

९/
आज त्याच जागी ‘दमास्कस’ हा शब्द आला आहे. लाटांची नक्षी असलेले, भरजरी मुठीचे वस्तरे आंतरजालावर स्वस्तात मिळतात आणि इतिहासप्रेमी तरुण नेमका त्यांनाच भुलतो. कारण दमास्कसच्या तलवारी वूट्झपासून घडत, हे त्याने वाचलेले असते. परंतु या वस्तऱ्यांचा वूट्झशी संबंध नसतो. दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून, आम्लाने खुलवलेली ती नक्षी आहे. ही रीत स्वतःत वाईट नाही. चांगले कारागीर तिच्यातून उत्तम वस्तरेही घडवतात. पण स्वस्त मालात पाते वाकडे, पाणी देणे कच्चे आणि धार केवळ दिखाऊ, असे वारंवार घडते. नक्षीने दाढी होत नाही.

१०/
मग दाढी होते कशाने? वस्तऱ्यातली खरी कल्पकता त्याच्या पाठीत आहे. दगडावर धार लावताना वस्तरा आडवा टेकवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. म्हणजे धारेचा कोन हाताने साधावा लागत नाही, पाठीची जाडीच तो ठरवते. पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर २० मिलिमीटर असेल, तर धारेचा एकूण कोन सुमारे १६ अंश येतो. शाळेतल्या त्रिकोणमितीवर कोणालाही हा हिशेब करून पाहता येईल. कोन सांभाळणारे साचेच पात्यात घडवलेले आहे.

११/
यातून खरेदीची पहिली कसोटी निघते. पाठ एका टोकाला जास्त झिजलेली आणि दुसऱ्या टोकाला शाबूत असेल, तर तो साचा बिघडला. पाते पिळलेले असेल, तर धारेचा एक भाग दगडाला लागेल आणि दुसरा अधांतरी राहील. असा वस्तरा कितीही थोर पोलादाचा असो, नवशिक्याच्या हाती त्याला धार चढत नाही. याउलट साध्या कार्बन पोलादाचे पण सरळ, सम पाठीचे पाते थोड्या श्रमात गालाला मानवते. म्हणून वस्तरा पाहताना नजर प्रथम अक्षरांवर नव्हे, पाठीवर जावी.

१२/
दुसरा प्रश्न: धार जाते कशी? केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असतो, तरी पाते बोथट होते. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा खुलासा केला. त्यांनी आजच्या ब्लेडच्या पात्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. धार केवळ हळूहळू घासून गोल होत नाही. केस विशिष्ट कोनात वाकून आदळला आणि धारेवर त्याच जागी पोलादाची घडण असमान असली, तर तिथून बारीक टवका उडतो. म्हणजेच धारेतील सूक्ष्म दोष हेच पुढच्या दोषांचे दार ठरतात.

१३/
चामड्याच्या पट्ट्याचे महत्त्व येथे लक्षात येते. प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा पट्ट्यावर फिरवतात. आधी जाड कापडावर, मग चामड्यावर. धार ज्या दिशेने कापते तिच्या उलट, म्हणजे पाठ पुढे ठेवून. वळताना पाते उचलायचे नाही, पाठीवरच उलटायचे. कापड पाते पुसून काढते, चामडे धारेची कड सरळ व गुळगुळीत करते. यात पोलाद जवळपास झिजत नाही. रोजची निगा पट्ट्यावर आणि क्वचितची दुरुस्ती दगडावर, अशी ही विभागणी आहे. पट्टा नसलेला वस्तरा काही दाढ्यांतच खरखरू लागतो, मग त्यावर कोणतेही नाव कोरलेले असो.

१४/
जुन्या जाणत्यांना हे पुरते ठाऊक होते. पॅरिसचे चाकू-वस्तरे घडवणारे कारागीर झाँ-झाक पेरे यांनी १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारे पुस्तक लिहिले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच धारेचे दगड कसे ओळखावेत आणि वस्तऱ्यासाठी चामडे कसे सिद्ध करावे, याचा उल्लेख आहे. त्याच शतकाच्या अखेरीस लंडनचे वस्तरेवाले बेंजामिन किंग्जबरी यांच्या पुस्तिकेनेही वजन, आकार आणि पाणी यांच्या जोडीला वस्तरा नीट राखण्याचे उपाय शीर्षकात मांडले. दोघेही स्वतः वस्तरे विकणारे होते. तरीही ग्राहकाला निगा शिकवणे त्यांना अनिवार्य वाटले.

१५/
महाराष्ट्रात ही विद्या पुस्तकात नव्हे, नाभिकांच्या हातात होती. गावगाड्यात वस्तरा, दगड, पट्टा, आरसा हे सारे त्यांच्या धोकटीत असे आणि धार राखणे हे बालपणापासून शिकायचे काम होते. संत सेना महाराजांच्या अभंगांत आरसा आणि चिमटा ही त्यांच्या व्यवसायाची साधने परमार्थाची रूपके होऊन आली आहेत. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्या हातांना वस्तरा कसा चालवावा हे ठाऊक होते, त्यांनीच तो कुठे चालवू नये हेही सांगितले. वस्तऱ्याचा इतिहास पोलादाइतकाच या हातांचा आहे. ‘राजेशाही छंद’ म्हणून त्याची जाहिरात होते, तेव्हा हे हात चित्रातून पुसले जातात.

१६/
धार राखण्याचे हे ओझेच किंग कॅम्प जिलेट यांनी ओळखले. धार राखायचीच नाही, विकत घ्यायची आणि फेकायची, ही त्यांची कल्पना. १९०१ मध्ये त्यांची कंपनी स्थापन झाली, १९०४ मध्ये पेटंट मिळाले. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. पुढच्याच वर्षी रेझरचा खप ९०,००० च्या पुढे गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ही साधने सरकारने पुरवली आणि एक अख्खी पिढी पट्टा व दगड विसरून घरी परतली.

१७/
हे वाईट झाले का? मुळीच नाही. ज्याला सकाळी पाच मिनिटांत दाढी उरकायची आहे त्याच्यासाठी दुधारी ब्लेडचा साधा सेफ्टी रेझर हेच उत्तम, स्वस्त आणि सुरक्षित साधन आहे. तो कचरा कमी करतो, शिकायला सोपा आहे आणि दाढीही गुळगुळीत करतो. उघडा वस्तरा त्याहून ‘श्रेष्ठ’ असल्याचा दावा पोकळ आहे. वस्तऱ्याचे समर्थन एकाच आधारावर करता येते: धार राखण्याची विद्या शिकण्यात ज्याला आनंद आहे, त्याच्यासाठी तो आहे. हा आनंद नको असेल, तर वस्तरा घेणे म्हणजे भिंतीवर टांगण्यासाठी वीणा घेणे.

१८/
आता खरेदी. पहिला खर्च पट्ट्यावर. रुंदी अडीच ते तीन इंच, म्हणजे पात्याची बहुतेक लांबी एका वेळी मावते. लांबी दीड फुटाच्या आसपास. टांगता येईल असा, मागे कापडाची पट्टी असलेला. मात्र पहिलाच पट्टा महाग नसावा, कारण नवशिका त्यावर वळणावर हमखास चरे पाडतो. साध्या, गुळगुळीत, सम जाडीच्या गाईच्या किंवा म्हशीच्या चामड्याने काम भागते. आधी घरातल्या बोथट लोणी-सुरीने आठवडाभर पाठीवर उलटण्याची सवय करावी. पट्टा ताणलेला हवा, दाब नगण्य हवा, आणि वेग सर्वांत शेवटी यावा.

१९/
दुसरा खर्च धार लावून घेण्यावर. दगड विकत घेण्यावर नव्हे. हे मत अनेकांना खटकेल, पण वस्तरा आणि दगड दोन्ही एकाच वेळी शिकणारा मनुष्य दाढी बिघडली की चूक कोणाची हे ओळखू शकत नाही. धार कच्ची, पट्टा चुकला, की हाताचा कोन? पहिली धार जाणत्याकडून लावून घेतली, तर निदान एक अनिश्चितता कमी होते. जुन्या पिढीतल्या एखाद्या नाभिक कारागिराने दगडावर वस्तरा लावलेला असेल, तर त्याच्याकडे जावे, आदराने शिकावे आणि त्या विद्येचे मोल द्यावे.

२०/
पुढे वर्षभरात दगड घ्यावासा वाटला, तर शाबूत धारेसाठी ८००० ग्रिटच्या आसपासचा बारीक कृत्रिम दगड पुरतो. टवके काढायचे असतील, तेव्हाच १००० पासून सुरुवात करावी लागते. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर ‘कोटिक्यूल’ हा नैसर्गिक दगड वस्तरेप्रेमींत विख्यात आहे. त्यातले गार्नेटचे अतिसूक्ष्म कण पोलाद घासतात. सुंदर वस्तू, पण पहिली नव्हे. कोणताही दगड असो, तो सपाट असला पाहिजे. खोलगट दगड पाठीच्या साच्याला लबाडी शिकवतो.

२१/
तिसरा खर्च वस्तऱ्यावर. रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५/८ किंवा ६/८ इंच ही नवशिक्याला योग्य. टोक गोल घ्यावे. चौकोनी टोक दिसायला देखणे, पण कानाजवळ आणि ओठाच्या कोपऱ्यात रक्त काढणारे. पात्याच्या बाजू जितक्या खोल कोरलेल्या, तितके पाते हलके व लवचीक. जाड पाते वजनदार आणि स्थिर. मध्यम किंवा पूर्ण कोरलेले, दोन्ही चालतात. साधे कार्बन पोलाद धार चटकन घेते, पण गंजते. गंजरोधक पोलाद गंज सोसते, पण दगडावर जास्त वेळ मागते. पोलादाविषयी नवशिक्याला एवढे पुरे.

२२/
नवा की जुना? येथेही मत स्पष्ट आहे: नक्षीदार नव्या स्वस्त वस्तऱ्यापेक्षा शेफिल्ड किंवा जर्मनीतील झोलिंगनचा साधा, जुना, सरळ वस्तरा बरा. ‘झोलिंगन’ या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. इतिहासप्रेमींसाठी जुन्या पात्यावरची अक्षरे ही स्वतंत्र मौज आहे: मुकुटासह ‘डब्ल्यू. आर.’ म्हणजे चौथ्या विल्यमचा काळ, १८३० ते १८३७. ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा देशाचा छाप असेल, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हापासून तो छाप सक्तीचा केला. मात्र अक्षरे वय सांगतात, धार नव्हे.

२३/
जुना वस्तरा पारखताना पाच गोष्टी पाहाव्यात. पाठ दोन्ही टोकांना सारखी झिजलेली आहे का? धारेवर टवका किंवा आत शिरणारी तडा आहे का? गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोहोचले आहेत का? काचेवर ठेवल्यास पाते डुगडुगते का? मिटताना ते मुठीच्या मधोमध जाते का? पाठीजवळचे काळे डाग निरुपद्रवी असतात. धारेवरचा खड्डा मात्र घातक, कारण घासून नवी कड काढली तरी पुढचा खड्डा तिथेच वाट पाहत असतो. तडा दिसला की वस्तरा फुकट मिळाला तरी दाढीसाठी घेऊ नये.

२४/
‘सर्व काही एकाच पेटीत’ असे संच टाळावेत. वस्तरा, पट्टा, दगड, ब्रश, साबण, सारे एका किमतीत बसवायचे म्हणजे प्रत्येक गोष्टीत काटछाट आलीच. आणि ती प्रथम पट्ट्यात व धारेत होते, कारण छायाचित्रात ती दिसत नाही. नवे वस्तरेसुद्धा पुष्कळदा गालायोग्य धारेशिवाय येतात. कारखान्याची धार कागद कापते, पण दाढी ओढते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: धार हाताने दगडावर लावून, पट्ट्यावर फिरवून दिली आहे का? उत्तर गोलमाल असेल, तर पेटी कितीही सुरेख असो, हात आखडता घ्यावा.

२५/
दाढीचे साहित्य साधेच हवे: चांगला फेस देणारा साबण, ब्रश आणि कोमट पाणी. पाण्याने केस मऊ होतो, म्हणून दोन-तीन मिनिटांची भिजवण वगळू नये. वस्तरा त्वचेशी सुमारे ३० अंशांत धरावा, दुसऱ्या हाताने त्वचा ताणावी, आणि पाते नेहमी धारेला काटकोनात सरकवावे. धारेच्या लांबीच्या दिशेने किंचित सरकले, तरी ती सुरीसारखी कापते. पहिले दोन आठवडे फक्त गाल, केसांच्या दिशेनेच; हनुवटी आणि ओठावरचा भाग नेहमीच्या रेझरने. हात थकला की थांबावे. शेवटी थंड पाणी आणि तुरटी, हे आजोबांचे उपाय आजही पुरेसे आहेत.

२६/
काही मर्यादा ठामपणे पाळाव्यात. हात कापणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, किंवा चेहऱ्यावर पुटकुळ्या भरलेल्या असताना हा प्रयोग करू नये. वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नये, भावालाही नाही. दाढीनंतर तो धुऊन, पूर्ण कोरडा करून ठेवावा. न्हाणीघरात कधीही नाही. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत कार्बन पोलाद एका रात्रीत गंज धरते, म्हणून पात्यावर तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा आणि वापरण्यापूर्वी तो पुसून टाकावा. घरात लहान मूल असेल, तर कुलूप हवेच.

२७/
आता पुन्हा त्या वड्यांकडे. स्टोडार्ट १८२३ मध्ये वारले आणि फॅरडे यांचे पोलादावरचे काम लवकरच मागे पडले. त्यांचे नमुने एका लाकडी पेटीत राहिले. १९३१ मध्ये धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी त्यांची तपासणी प्रसिद्ध केली आणि मिश्र पोलादाच्या विज्ञानाचा आरंभ त्यांत पाहिला. ही त्या प्रयोगांची खरी कमाई: नमुने ठेवले, तुलना केली, नोंदी केल्या. बाजाराने मात्र त्यातून फक्त एक चकचकीत नाव उचलले.

२८/
वस्तरा शिकणाऱ्यापुढेही हेच दोन मार्ग आहेत. एक, नाव विकत घेण्याचा: वूट्झ, सिल्व्हर स्टील, दमास्कस. दुसरा, त्या संशोधकांसारखी नोंद ठेवण्याचा: आज पट्ट्यावर किती फेरे, कोणता कोन, कुठे ओढले, कुठे कापले. पहिल्या मार्गावर वस्तू घरात येते आणि काही महिन्यांत खणात पडते. दुसऱ्यावर साध्याशा पात्याची धार वर्षभराने पहिल्या दिवसापेक्षा चांगली असते. धार विकत मिळते ती फक्त एकदा. नंतर ती रोज कमवावी लागते. (समाप्त)